डानबो कसं निवडावं, कापावं आणि खावं: डेन्मार्कच्या रोजच्या चीजची सविस्तर ओळख

डेन्मार्कचं चीज म्हटलं की बाहेरच्या लोकांना हवार्टी आठवतं, नाहीतर निळ्या बुरशीचं डानाब्लू. परदेशातल्या दुकानांत तीच जास्त दिसतात. पण डॅनिश घराच्या फ्रिजमध्ये, मुलांच्या डब्यात आणि ऑफिसातल्या शुक्रवारच्या नाश्त्याच्या टेबलावर हटकून सापडतं ते डानबो. गायीच्या दुधाचं, फिकट पिवळं, कापलं की वाटाण्याएवढी गोल छिद्रं दिसणारं, चौकोनी लादीच्या आकाराचं हे चीज.

कोपनहेगन किंवा ऑर्हुसला नव्याने आलेल्या आपल्या लोकांचं डानबोबद्दलचं मत बहुधा दोन टोकांचं असतं. कुणी म्हणतं, अगदीच मिळमिळीत आहे. कुणी म्हणतं, त्या वासाने फ्रिज उघडवत नाही. दोघेही एकाच चीजबद्दल बोलत असतात, फक्त पहिल्याने काही आठवड्यांचं घेतलेलं असतं आणि दुसऱ्याने वर्षभर मुरलेलं. डानबो विकत घेताना खरं तर आपण त्याचं वय विकत घेतो. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सगळं सोपं होतं.

आधी थोडं त्याच्याविषयी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॅनिश शेतकरी धान्याकडून दुधाकडे वळले. १८८२ मध्ये पश्चिम यूलंडमधल्या हेडिंग या गावी डेन्मार्कमधली पहिली सहकारी डेअरी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव तशा डेअऱ्या निघाल्या. दूध भरपूर झालं तसं लोणी आणि चीजही भरपूर होऊ लागलं. सुरुवातीला या चीजना परक्या चीजचीच नावं होती: डॅनिश टिल्सिटर, डॅनिश पोर्ट सालू, डॅनिश स्टेप. १९५१ मध्ये इटलीतल्या स्ट्रेझा इथे युरोपातल्या काही देशांनी चीजच्या नावांबाबत करार केला आणि डेन्मार्कला स्वतःची नावं ठेवावी लागली. त्यातून टिल्सिटरचं हवार्टी झालं, पोर्ट सालूचं एस्रोम झालं आणि स्टेपचं डानबो. युरोपीय संघाने २०१७ मध्ये डानबोला भौगोलिक मानांकन दिलं. नागपूरच्या संत्र्याला किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आपल्याकडे असतं त्याच जातीचं हे संरक्षण.

डॅनिश दुग्धव्यवसायाचा मुंबईशीही जुना संबंध आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टूब्रो या दोन डॅनिश इंजिनियरांनी १९३८ मध्ये मुंबईत लार्सन अँड टूब्रो सुरू केली, तेव्हा डेन्मार्कहून येणारी डेअरीची यंत्रं विकणं हाच त्यांचा सुरुवातीचा धंदा होता.

वास कुठून येतो

हा भाग घाईने वाचू नका, कारण डानबो नाकारणारे बहुतेक जण वासापाशीच अडतात.

पाश्चराइज केलेल्या दुधात विरजण आणि रेनेट हे एन्झाइम घातलं की दूध थिजतं. त्या थिजलेल्या दह्याचे बारीक चौकोन करून ते ढवळतात, निवळीचा काही भाग काढून घेतात आणि त्या जागी गरम पाणी घालतात. त्यामुळे दुधातली साखर बरीचशी धुऊन निघते आणि चीज फार आंबट होत नाही. मग निवळी वर असतानाच खालचा चोथा दाबतात, म्हणजे आत हवा शिरत नाही. छिद्रं पडतात ती नंतर, विरजणातले काही जिवाणू गॅस सोडतात त्याने. म्हणून ती इतकी गुळगुळीत आणि गोल असतात.

यानंतर लाद्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि बाहेर काढल्या की त्यांच्या अंगाला जिवाणूंचं द्रावण फासतात. मग उबदार, दमट खोलीत त्यांना फळ्यांवर ठेवलं जातं. आधी यीस्ट वाढतं आणि पृष्ठभागाची आंबट चव खाऊन टाकतं. आंबटपणा उतरला की ब्रेव्हिबॅक्टेरियम लिनेन्स या जिवाणूची पाळी येते. लादीवर केशरी-तांबूस, ओलसर, हाताला चिकट लागणारा थर चढतो. हे जिवाणू प्रथिनं तोडतात तेव्हा गंधकाची संयुगं तयार होतात, आणि तोच तो वास. त्यांचे जवळचे नातलग माणसाच्या पायांच्या त्वचेवरही राहतात, त्यामुळे मोज्यांची आठवण येणं साहजिक आहे.

पुढे हा थर धुऊन टाकतात, लादी कोरडी करून तिला मेण किंवा फॉइलचं आवरण घालतात आणि थंड खोलीत मुरायला ठेवतात. बाहेर तयार झालेली चव हळूहळू आत झिरपत जाते. मुरण्याचा काळ जितका जास्त तितकी ती खोलवर पोचते. म्हणूनच वास कडेला जास्त आणि मध्यभागी कमी असतो. जुनं डानबो पहिल्यांदा खाणाऱ्याला मी नेहमी मधला तुकडा देतो, कडेचा नाही.

जिवाणूंचा थर न लावता थेट प्लास्टिकच्या आवरणात मुरवलेलं डानबोही मिळतं. कापून पाकिटात भरलेलं स्वस्त चीज बऱ्याचदा तसं असतं. ते वाईट नाही, पण ते खाऊन डानबो कळलं असं समजू नका.

पायरी १: लेबल नीट वाचा

लेबलवर तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, वय. ‘मिल्ड’ लिहिलं असेल तर चीज काही आठवड्यांचं, दुधाळ आणि लवचीक. ‘मेलेमलाग्रेट’ म्हणजे मध्यम मुरलेलं. ‘लाग्रेट’ साधारण चार-पाच महिन्यांचं असतं आणि त्याला स्वतःचा आवाज असतो. ‘गामेल’ किंवा ‘एक्स्ट्रा लाग्रेट’ आठ-नऊ महिने ते वर्षाच्या घरातलं. प्रत्येक डेअरीचं गणित थोडं वेगळं असल्याने पाकिटावर आठवडे छापलेले असतील तर त्यांच्यावर विश्वास ठेवा. पहिल्या खरेदीला मी मेलेमलाग्रेट सुचवेन. मिल्ड घेतलं तर हे चीज कळतच नाही आणि गामेल घेतलं तर परत कुणी त्याच्या वाटेला जात नाही.

दुसरी, ३०+, ४५+, ६०+ असे आकडे. ४५+ म्हणजे चीजमध्ये ४५ टक्के चरबी, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पाणी वजा केल्यावर जो कोरडा भाग उरतो त्यातलं चरबीचं ते प्रमाण आहे. १०० ग्रॅम ४५+ डानबोमध्ये साधारण ५७ ग्रॅम कोरडा भाग असतो, म्हणजे चरबी भरते सुमारे २६ ग्रॅम. ३०+ मध्ये ती १६-१७ ग्रॅमच्या आसपास असते. चवीसाठी ४५+ घ्यावं. ३०+ रबरासारखं लागतं आणि मुरलं तरी त्याला गोलाई येत नाही.

तिसरी गोष्ट शाकाहारी घरांसाठी सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे रेनेट. दूध थिजवणारं हे एन्झाइम पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातून काढतात. त्याचा कारखानदारी अर्क बनवण्याची सुरुवातच कोपनहेगनमध्ये झाली. ख्रिश्चन हान्सन या औषधशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये त्यासाठी कंपनी काढली आणि तिने दीडशे वर्षं जगभरच्या डेअऱ्यांना रेनेट पुरवलं. आज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेटही सर्रास वापरतात. घटकांच्या यादीत ‘ओस्टेलोबे’ किंवा नुसतं ‘लोबे’ असेल तर ते प्राण्याचं असू शकतं. त्याच्याआधी ‘मिक्रोबिएल’ असेल तर ते सूक्ष्मजीवांपासूनचं. काहीच स्पष्ट लिहिलं नसेल तर डेअरीला ईमेल करून विचारावं. एकाच डेअरीची दोन चीजं वेगवेगळ्या रेनेटची असू शकतात, त्यामुळे कंपनीचं नाव पाहून ठरवू नका.

कॅरवे घातलेलं डानबोही मिळतं. हे दाणे आपल्या शहाजिऱ्याच्या जवळचे, दिसायलाही आणि वासालाही. आपल्या जिभेला ते लवकर आवडतं.

पायरी २: शक्य असेल तिथे चाखून घ्या

सुपरमार्केटात चाखायला मिळत नाही. चीजच्या खास दुकानात किंवा कोपनहेगनमध्ये नोरेपोर्ट स्टेशनजवळच्या टोर्वेहालर्न बाजारात मात्र निःसंकोच विचारावं: ‘मो याय स्माए?’ म्हणजे चाखू का? दुकानदार मोठ्या लादीतून तारेने पातळ काप काढून देतो. चढत्या वयाने चाखा, कारण जुन्यानंतर मिल्ड खाल्लं तर जिभेला काहीच लागत नाही.

काप हातात आला की आधी दुमडून बघा. कोवळं डानबो न तुटता वाकतं. जुनं वाकतं, पण घडीवर चिरा पडतात. मग नाकाशी न्या. कोवळ्याला ताज्या लोण्याचा आणि किंचित ताकाचा वास. मध्यम वयात भाजलेल्या दाण्यांची छटा येते. जुन्याला गंधक, खारटपणा आणि मांसाच्या रश्श्यासारखी दाट चव असते, आणि गिळल्यावर घशापाशी किंचित चुरचुरतं. वास आणि चव यांत मोठी तफावत आहे हे इथेच कळतं. नाकाला उग्र वाटणारं चीज तोंडात गोडसर, लोण्यासारखं लागतं.

अमोनियाचा, डोळ्यांत जाणारा वास मात्र वेगळा. लाग्रेट किंवा गामेलला तो हलका असेल तर आवरण काढून थोडा वेळ ठेवल्यावर उडून जातो. तेवढ्याने गेला नाही तर ते चीज घेऊ नका.

पायरी ३: फ्रिजमधून आधी बाहेर काढा

डेन्मार्कच्या घरांत अर्धा-पाऊण तास आधी. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, नाहीतर चरबी सुटून लादीला घाम येतो. थंडगार डानबो खाल्लं तर फक्त मीठ लागतं.

मेणाचं किंवा प्लास्टिकचं आवरण काढून टाका, ते खाण्याचं नाही. त्याखालची तांबूस कड खाता येते. नको असेल तर काही मिलिमीटर कापून टाका, वास निम्म्याने कमी होतो. गरोदर बायकांनी ती कड टाळावी.

पायरी ४: कापणं

डॅनिश घरात डानबो सुरीने कापत नाहीत. सुरीला ते चिकटतं आणि काप जाड-बारीक होतात. त्यासाठी ताणलेल्या तारेचा स्लायसर असतो. हँडल, दोन टोकांत ओढून बसवलेली पोलादी तार, आणि बऱ्याच स्लायसरला जाडी सारखी ठेवणारा एक छोटा रूळ. लादीच्या वरच्या सपाट बाजूवर रूळ टेकवायचा आणि न थांबता स्वतःकडे ओढायचं. मध्ये थांबलात तर तार खाली रुतते. रंध्यासारखा दिसणारा चीजचा स्लायसर नॉर्वेच्या थोर ब्योर्कलुंड या सुताराने १९२५ मध्ये पेटंट केला. तो घट्ट चीजसाठी उत्तम, डानबोसारख्या मऊसर चीजला तारच बरी.

घरच्यांशी भांडण टाळायचं असेल तर एक शिस्त पाळा. दर वेळी पूर्ण लांबीचा काप काढा, आणि पुढच्या वेळी लादी फिरवून दुसऱ्या टोकाकडून सुरू करा. एकाच बाजूने ओढत राहिलं की लादीची घसरगुंडी होते आणि शेवटी कुणालाच नीट काप मिळत नाही.

कोवळ्या डानबोचे काप दोन-तीन मिलिमीटरचे असावेत. पातळ काप जिभेवर लवकर गरम होतो आणि वास मोकळा होतो. जुनं मात्र उघड्या सँडविचवर जरा जाडच घालतात.

पायरी ५: सकाळचा पाव

डानबोची रोजची जागा ही. रविवारी सकाळी बेकरीतून आणलेले गोल, कुरकुरीत पाव, वरून खसखस लावलेले. पाव आडवा कापायचा, दोन्ही अर्ध्यांना भरपूर लोणी लावायचं, एका अर्ध्यावर डानबोचे दोन काप. दुसऱ्या अर्ध्यावर जॅम, किंवा पावावर ठेवायला खास बनवलेल्या चॉकलेटच्या पातळ चकत्या. पुष्कळ लोक चीजवरच जॅम घालतात, आणि ते खरोखर छान लागतं. स्ट्रॉबेरीपेक्षा काळ्या करंटचा आंबट जॅम जास्त जुळतो.

लोणी आणि वर पुन्हा चीज ही चैन वाटेल, पण लोणी टाळू नका. ते पाव आणि चीज यांना बांधतं आणि मीठ मऊ करतं. या खाण्याबरोबर फिल्टर कॉफी किंवा कोरा चहा. आलं-वेलची घातलेला दुधाचा चहा डानबोची चव झाकून टाकतो.

मिल्ड डानबो आपल्या लादीपावाबरोबरही चालतं. बाजूला लाल सिमला मिरचीच्या उभ्या चकत्या किंवा मुळ्याचे काप ठेवा. डॅनिश लोक चीजच्या ताटात लाल सिमला मिरची आणि द्राक्षं आवर्जून ठेवतात.

पायरी ६: जुनं डानबो, त्याच्या पूर्ण थाटात

गामेलसाठी पाव बदलतो. रुग्ब्रोड लागतो: रायचा काळा, आंबवलेला, वजनदार पाव, अख्ख्या दाण्यांचा. मऊ पांढऱ्या पावावर जुनं चीज एकटं पडतं. रुग्ब्रोडचा आंबटपणा त्याला टक्कर देतो.

डॅनिश लंचमध्ये आधी हेरिंग मासा, मग इतर मासे, मग मांस आणि शेवटी चीज असा क्रम असतो. त्या शेवटच्या वाट्याला येणारं जुन्या चीजचं स्मोरब्रोड, म्हणजे उघडं सँडविच, असं रचतात.

रुग्ब्रोडचा पातळ काप घ्या. त्यावर डुकराची मसालेदार चरबी लावण्याची जुनी पद्धत आहे. शाकाहारी असाल तर लोणी लावा, मात्र कंजुषी न करता. चावल्यावर लोण्यात दातांचे ठसे दिसावेत इतकं. त्यावर जुन्या डानबोचे जाडसर काप, पावाच्या कडेपर्यंत. पारंपरिक पद्धतीत यावर मांसाच्या रसाची थिजलेली, जेलीसारखी पट्टी ठेवतात, तिला स्क्यू म्हणतात. ती गाळली तरी काही बिघडत नाही. मग कच्च्या कांद्याच्या अगदी पातळ चकत्या, वर्तुळं सुटी केलेली. त्यावर कार्से, आणि सगळ्यात शेवटी चमच्याने काळ्या रमचे काही थेंब थेट चीजवर.

कार्से म्हणजे अळिवाची कोवळी रोपं. ज्या अळिवाचे लाडू आपण बाळंतिणीला देतो, त्याच वनस्पतीची. डेन्मार्कमध्ये ती छोट्या खोक्यात वाढलेली विकत मिळतात. आपल्याकडे अळीव ओल्या कापसावर पसरून पाण्याचा शिडकावा देत राहिलं की आठवडाभरात कात्रीने कापण्याजोगी होतात. त्यांचा मोहरीसारखा तिखट झणका जुन्या डानबोला फार शोभतो, आणि माझ्या मते कांद्यापेक्षाही तोच जास्त गरजेचा आहे.

रमचे थेंब शोभेसाठी नसतात. रमची गूळ-काकवीची छटा खारटपणाला गोड किनार देते. मद्य नको असेल तर थेंब गाळा, त्याऐवजी काही घालू नका. मध घालून पाहण्याचा मोह होतो, पण मधाने गंधकाचा वास उलट वर येतो. सोबत बिअर, नाहीतर स्नॅप्स या कडक मद्याचा छोटा थंड ग्लास. हे खायचं काटा-सुरीने. हातात धरून खाणं कठीणच आहे.

शिजवायचं असेल तर

कोवळं डानबो छान वितळतं: टोस्टवर, ऑम्लेटमध्ये, बटाट्याच्या भाजलेल्या काचऱ्यांवर. जुनं ओव्हनमध्ये घालू नका. वास घरभर पसरतो आणि चवीतला बारकावा जातो.

साठवण

मेणकागदात किंवा बेकिंग पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नुसत्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलं तर पृष्ठभाग चिकट होतो आणि अमोनियाचा वास साचतो. डबा वेगळाच हवा, कारण लोणी आणि दूध हा वास झटकन ओढून घेतात. लादीवर बुरशीचा एखादा ठिपका आला तर त्याच्या भोवतीचं दोन-तीन सेंटिमीटर कापून टाका आणि उरलेलं खा. सुरी बुरशीतून फिरवू नका. पाकिटातल्या कापलेल्या चकत्यांना बुरशी आली तर अख्खं पाकीट टाका. फ्रीझरमध्ये ठेवलं तर चीज भुसभुशीत होतं, मग ते फक्त शिजवण्यापुरतं.

दूध पचत नाही म्हणून चीजपासून दूर राहणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मुरलेल्या डानबोमध्ये लॅक्टोज जवळपास उरत नाही. दुधाच्या प्रथिनांचीच ॲलर्जी असेल तर मात्र हात लावू नये. रक्तदाब असलेल्यांनी लेबलवर मिठाचा आकडा बघावा.

सुट्टीला भारतात येताना डानबो आणायचं मनात असेल, तर दुग्धजन्य पदार्थांकडे आपल्या कस्टम्सचं लक्ष असतं. निघण्यापूर्वी नियम पाहून घ्यावेत आणि आणलंच तर जाहीर करावं. गामेल सामानात घालू नका, कपड्यांना लागलेला वास धुतल्याशिवाय जात नाही. व्हॅक्यूम पाकिटातलं मेलेमलाग्रेट दोन पिशव्यांत गुंडाळून, प्रवासाच्या आदल्या रात्री फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवलेलं असेल तर ते नीट पोचतं. घरी आल्यावर पाकीट फोडून तासभर फ्रिजमध्येच उघडं ठेवा, मगच कापा.